हंगामातील शिखरजी

व्यापारी कुटुंबाचे वर्ष पंचांगावर कमी आणि हंगामावर अधिक चालते. कापडाच्या दुकानाला लग्नसराई, भुसाराच्या दुकानाला सुगी, सराफाला धनत्रयोदशी. प्रत्येक धंद्याचा एक काळ असा असतो की त्या काळात मालकाने गादी सोडून उठू नये, असा घराघरांतील अलिखित दंडक आहे. तीर्थयात्रेचे दिवसही तसेच ठरलेले. चातुर्मासात प्रवास टाळायचा, वैशाख-ज्येष्ठात डोंगर तापलेले. उरतात ते कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतचे महिने. ज्यांचा हंगाम नेमका याच महिन्यांत येतो, त्यांच्या घरी यात्रेचा विषय दरवर्षी निघतो आणि ‘पुढच्या वर्षी पाहू’ या तीन शब्दांवर मिटतो.

गुळाचा धंदा असाच आहे. कोल्हापुरात छत्रपती शाहू महाराजांनी 1895 साली शाहूपुरी वसवली आणि तेथे गुळाची पेठ उभी राहिली. आज सौदे मार्केट यार्डात होतात, तरी रीत जुनीच आहे. दिवाळीच्या पाडव्याला मुहूर्ताचा सौदा निघतो, गुऱ्हाळे पेटतात, गुळाच्या रव्यांच्या थप्प्या लागतात आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत अडत्याला श्वास घ्यायला सवड मिळत नाही. सम्मेदशिखरजीच्या वंदनेला उत्तम ते थंडीचे महिनेही हेच.

तीन पिढ्या गुळाची अडत चालवणाऱ्या अशाच एका घरातील ही हकीकत आहे. घरातील कर्त्या पुरुषाला सारी पेठ ‘अण्णा’ म्हणते आणि त्यांच्या पत्नीला घरीदारी सगळे ‘अक्का’ म्हणतात. अण्णांचे वय त्रेसष्ट, अक्कांचे एकोणसाठ. चाळीस वर्षांच्या संसारात दोघांनी मिळून केलेला प्रवास म्हणजे बाहुबलीची आणि श्रवणबेळगोळची यात्रा, नात्यातील लग्ने आणि एकदा मुलाच्या शिक्षणाच्या निमित्ताने पुणे. दुकान पुढे आणि घर मागे अशी जुन्या बांधणीची वास्तू असल्याने दोघे दिवसभर एकाच छपराखाली असत; परंतु मधली भिंत ओलांडून एकमेकांशी दहा वाक्ये बोलण्याचा प्रसंग हंगामात क्वचितच येई.

शिखरजीचा विषय या घरात नवा नव्हता. अण्णांच्या मातोश्री वृद्धापकाळी जपमाळ घेऊन बसत तेव्हा एकेका टोंकेचे नाव क्रमाने उच्चारीत. गौतम गणधरांची टोंक, मग कुंथुनाथ, मग नमिनाथ, असे करीत त्या पार्श्वनाथांच्या सुवर्णभद्र कूटापर्यंत येत आणि डोळे मिटून हात जोडीत. पंचवीस टोंकांचा तो क्रम त्यांना मुखोद्गत होता. प्रत्यक्ष डोंगर मात्र त्यांनी कधी पाहिला नाही. त्यांच्या यजमानांनाही हंगाम होताच. 2001 च्या वैशाखात त्या गेल्या. तोपर्यंत शेवटची आठ वर्षे त्यांची शुश्रूषा अक्कांनी केली होती आणि तो क्रम ऐकून ऐकून अक्कांनाही पाठ झाला होता.

यात्रेचा योग अखेर जुळला तो एका बंदमुळे. केंद्र सरकारने 2019 मध्ये पारसनाथ डोंगराचा परिसर पर्यावरण संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. त्यातील पर्यटनविषयक तरतुदींमुळे तीर्थाचे पावित्र्य धोक्यात येईल, या चिंतेने 2022 च्या अखेरीस देशभरातील जैन समाज रस्त्यावर उतरला. गावोगावी मोर्चे निघाले, बाजारपेठा बंद राहिल्या. 5 जानेवारी 2023 रोजी केंद्राने तेथील पर्यटनाच्या कामांना स्थगिती दिली. त्या आंदोलनात अण्णांनी भर हंगामात दुकान बंद ठेवले आणि मोर्चात ते अग्रभागी चालले. संध्याकाळी त्यांचे बालमित्र तात्या घरी आले. तात्यांचे जयसिंगपुरात कापडाचे दुकान. चहा घेता घेता ते सहज बोलून गेले, “शिखरजीसाठी दुकान बंद ठेवता येते, तर शिखरजीला जाण्यासाठी का ठेवता येत नाही?” अण्णांपाशी या प्रश्नाला उत्तर नव्हते. पुढच्या जानेवारीची तिकिटे त्याच महिन्यात ठरली. दुकान मुलाने सांभाळावे असे निश्चित झाले. अण्णा-अक्का, तात्या आणि त्यांच्या पत्नी माई, शिवाय अक्कांचा पुण्यात नोकरी करणारा भाचा आणि त्याची नवपरिणीत पत्नी, अशी सहा जणांची मंडळी निघाली.

कोल्हापूरहून धनबादला जाणारी दीक्षाभूमी एक्सप्रेस आठवड्यातून एकदा सुटते. महाराष्ट्र आडवा ओलांडून, नागपूरवरून वर चढत ती गयेकडे जाते आणि धनबादच्या अलीकडे पारसनाथ स्थानकाच्या वाटेला लागते. इतका दीर्घ प्रवास म्हणजे दोन दिवस समोरासमोरच्या बाकांवर बसणे. मध्ये भिंत नाही, गिऱ्हाईक नाही, दिवाणजी नाही. माईंनी डबे उघडले. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, खाकरे आणि संक्रांत नुकतीच होऊन गेल्यामुळे गुळाच्या पोळ्या. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकायचे म्हणून सर्वांची घाई चालली होती. माईंनी अक्कांच्या पानात गूळपोळी वाढली आणि लगेच स्वतःच ती उचलून घेतली. “विसरलेच मी. आता चारच दिवस राहिले तुमचे,” त्या म्हणाल्या.

कसले चार दिवस, असे अण्णांनी विचारले. अक्कांनी विषय टाळण्याचा प्रयत्न केला. पण माईंच्या तोंडून निघून गेलेले शब्द परत घेता येण्यासारखे नव्हते. 2001 च्या चातुर्मासात, सासूबाईंच्या निधनानंतर, अक्कांनी गावात विराजमान असलेल्या मुनिमहाराजांसमोर नियम घेतला होता. शिखरजीची वंदना पतीसह होईपर्यंत गुळाचा त्याग.

गुळाच्या अडत्याची पत्नी बावीस वर्षे गुळाची चव न घेता राहिली आणि अडत्याला त्याचा पत्ता नव्हता! अण्णा रोज दुकानातून नमुन्याचा खडा घरात आणीत आणि “बघ गं, कसा आहे?” म्हणून विचारीत. अक्का तो बोटांनी चुरडून पाहत, रंग उजेडात धरून बघत, वास घेत आणि सांगत. “कणी चांगली आहे,” किंवा “पाक जरा जास्त गेलाय.” त्यांचे निदान सहसा चुकत नसे. पुरणपोळीचे पुरण त्या अंदाजाने करीत आणि चव मुलाला घ्यायला लावीत. संक्रांतीला हातावर पडलेला तिळगूळ पदराआड जाई. अण्णांची समजूत अशी होती की तिला गोड फारसे आवडत नाही.

“मला सांगितले का नाहीस?” एवढेच त्यांनी विचारले.

“सांगितले असते, तर तुम्ही कुणाच्या तरी सोबतीने मला पाठवून दिले असते,” अक्का शांतपणे म्हणाल्या. “सासूबाईंनाही मामंजी तसेच म्हणायचे, संघाबरोबर जाऊन ये म्हणून. त्या म्हणायच्या, दुकानाला सोबत लागते तशी यात्रेलाही लागते.”

त्या रात्री बाकीची मंडळी झोपली, तरी अण्णांच्या बाकावरचा दिवा उशिरापर्यंत जळत होता. तात्यांनी त्यांना छेडले नाही. चाळीस वर्षांच्या मैत्रीत केव्हा बोलू नये, हेही कळलेले असते.

मधुबन हे डोंगराच्या पायथ्याचे गाव. तेरापंथी कोठी, बीसपंथी कोठी, श्वेतांबर कोठी, धर्मशाळा, मंदिरे आणि यात्रेकरूंच्या काठ्या विकणारी दुकाने यांनी तो सारा रस्ता भरलेला असतो. पोहोचल्या दिवशी संध्याकाळी अण्णा एकटेच बाहेर पडले आणि डोलीवाल्यांकडे गेले. अक्कांचे गुडघे दोन वर्षांपासून दुखत होते. डॉक्टरांनी पायऱ्या वर्ज्य सांगितल्या होत्या. डोलीचा दर माणसाच्या वजनावर ठरतो. वजन अधिक असेल तर उचलणारेही अधिक लागतात. किती वजन, असे विचारल्यावर अण्णांनी अंदाज सांगितला. डोलीवाला हसून म्हणाला, अंदाज नको, माणसाला काट्यावर आणा. उभे आयुष्य काट्यापाशी काढलेल्या अण्णांना हे पटले आणि ते अक्कांना बोलवायला परतले.

अक्कांनी नकार दिला. डोलीत बसून वंदना करणाऱ्यांच्या भावात काही उणे असते, असे त्यांचे म्हणणे नव्हते. वृद्धांनी आणि आजाऱ्यांनी डोलीनेच जावे, हेही त्यांना मान्य होते. परंतु नियम घेताना मनाशी जे धरले होते, ते पायी जाण्याचेच होते. अण्णांनी समजावून पाहिले, तात्यांनी समजावून पाहिले. अखेर भाच्याने तोडगा काढला. सगळ्यांनी सावकाश चालावे, जिथे जमणार नाही तिथे पुढचा विचार करावा.

शिखरजीची वंदना म्हणजे नऊ किलोमीटर चढ, नऊ किलोमीटर टोंकांची परिक्रमा आणि नऊ किलोमीटर उतार. बहुतेक यात्रेकरू मध्यरात्रीनंतर, पहाटेच्या अंधारात निघतात, म्हणजे सूर्योदयाच्या सुमारास वर पोहोचता येते आणि दिवेलागणीपूर्वी खाली येता येते. वर काही खायचे नाही, अनेक जण पाणीही घेत नाहीत, पायांत काही घालायचे नाही. मंडळी तीन वाजण्यापूर्वी निघाली. हाडांत शिरणारी थंडी, विजेऱ्यांच्या उजेडाचे तुकडे, काठ्यांचा टकटक आवाज आणि मागून-पुढून ऐकू येणारा णमोकार. रिकाम्या डोल्या घेऊन काही जण यात्रेकरूंच्या मागोमाग चालत होते. चढात कोण थकेल याचा त्यांना नेमका अंदाज असतो. गंधर्व नाला मागे पडला, सीतानाला मागे पडला. भाचा आणि त्याची पत्नी वळणावळणावर पुढे जाऊन थांबत होते. अक्का एका लयीत, न बोलता, काठी टेकीत चढत होत्या. गौतम गणधरांच्या टोंकेवर पोहोचेपर्यंत पूर्वेला तांबडे फुटले होते.

वीस तीर्थंकरांची ही निर्वाणभूमी. ऋषभदेव कैलासावर, वासुपूज्य चंपापुरीत, नेमिनाथ गिरनारवर आणि महावीर पावापुरीत मोक्षाला गेले. उरलेल्या वीस जणांचे निर्वाण याच डोंगराच्या निरनिराळ्या शिखरांवर झाले, अशी श्रद्धा आहे. म्हणूनच येथे एका मंदिरात सारे दर्शन आटोपत नाही. प्रत्येक चरणापाशी वेगळे जावे लागते, मूठभर अक्षता वाहाव्या लागतात आणि पुन्हा वाट धरावी लागते. मोक्ष ज्याचा त्याचा. वाट मात्र संघाने चालायची, हे तेथे पावलोपावली जाणवते.

चंद्रप्रभूंचे ललित कूट इतर टोंकांपासून बाजूला, दूर आहे. तेथे जाताना आणि परतताना चढ-उताराचा मोठा फेर पडतो. त्या वाटेवर थांबावे लागले, पण अक्कांना नव्हे, अण्णांना. पाच वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवला होता. निघण्यापूर्वी तपासण्या झाल्या होत्या, औषधे खिशात होती. तरी परतीच्या चढावर त्यांना धाप लागली आणि ते एका दगडावर बसले ते उठेनात. चेहरा घामाने डबडबला. भाच्याने नाडी पाहिली, तात्यांनी सदऱ्याची बटणे सैल केली. दहा-पंधरा मिनिटांनी श्वास जाग्यावर आला. पण पुढे पायी चालणे शहाणपणाचे नव्हते, हे सर्वांना कळले.

“तू पुढे हो,” अण्णा म्हणाले. “तुझा नियम आहे. मी तात्याबरोबर खाली उतरतो.”

अक्का त्यांच्याशेजारी दगडावर बसल्या. “नियम दोघांचा आहे. तुम्ही उतरलात तर मीही उतरते. बावीस वर्षे थांबले, आणखी एक वर्ष थांबेन.”

त्या बोलण्यात राग नव्हता, हट्टही नव्हता. म्हणूनच अण्णांना त्यावर बोलता येईना. त्यांनी मागे उभ्या असलेल्या डोलीवाल्यांकडे पाहिले. वर काटा नव्हता. त्यांतील म्होरक्याने अण्णांना आपादमस्तक न्याहाळले आणि वजन सांगितले. ते किलोभरानेही चुकले नव्हते. रव्याचे वजन नजरेने सांगणाऱ्या अण्णांना आपल्या तोडीचा माणूस भेटला होता. त्या अवस्थेतही त्यांना हसू आले. ठरला तो दर त्यांनी घासाघीस न करता मान्य केला, आणि हे पाहून तात्यांच्या जिवात जीव आला तो वेगळाच.

अण्णांनी डोलीवाल्यांना एकच विनंती केली, की बाईंच्या पावलाने चाला. ते त्यांना जमण्यासारखे नव्हते. खांद्यावर ओझे घेऊन रेंगाळले की खांदा अधिक दुखतो. भार चालत्या पायांवर हलका वाटतो आणि थांबल्या पायांवर जड होतो, असे त्यांनी सांगितले. अण्णांना हे पटवून देण्याची गरज नव्हती. त्यांच्या दुकानातील हमाल नेमके हेच सांगत आले होते. तेव्हा ठरले असे की डोलीने आपल्या गतीने पुढच्या टोंकेवर जावे आणि तेथे अक्का येईपर्यंत थांबावे.

त्यानंतरच्या प्रत्येक टोंकेवर अण्णा आधी पोहोचत. डोली खाली ठेवली जाई, उचलणारे बाजूला बसून घाम पुसत आणि अण्णा पायरीवर बसून आलेल्या वाटेकडे पाहत राहत. एका ठिकाणी डोलीवाल्याने सांगितले की तो संथाळ आहे, त्याच्या समाजात हा डोंगर मरांग बुरू म्हणून पूजिला जातो आणि त्याच्या वडिलांनीही याच वाटेवर डोल्या उचलल्या. अण्णांनी त्याच्या मुलाबाळांची चौकशी केली. बोलणे संपले, तरी अक्कांचा पत्ता नसे. मग दूर, दोन वळणांपलीकडे, पांढरे पातळ दिसू लागे. एक हात काठीवर, एक हात माईंच्या खांद्यावर; थांबत, पुन्हा चालत.

अण्णांनी त्यांना अशा दुरून येताना यापूर्वी कधी पाहिले नव्हते. ते घरी येत तेव्हा अक्का असतच. जेवायला बसत तेव्हा पान वाढलेले असेच. आजारपणातून शुद्धीवर आले तेव्हाही त्या उशाशी होत्याच. वाट पाहण्याचे काम या संसारात नेहमी एकाच बाजूला राहिले होते. सकाळच्या सौद्यापासून रात्रीच्या हिशेबापर्यंत, पाडव्यापासून उन्हाळ्यापर्यंत आणि या हंगामापासून त्या हंगामापर्यंत. वाट पाहणे म्हणजे काय, हे अण्णांना त्या पायऱ्यांवर प्रथम कळले. अक्का पोहोचल्या की दोघे मिळून आत जात, अक्षता वाहत आणि सासूबाईंच्या क्रमातील पुढचे नाव अक्का हळूच उच्चारीत.

पार्श्वनाथांची टोंक सर्वांत उंच. पारसनाथ डोंगराची उंची सुमारे 1365 मीटर, आणि हे शिखर म्हणजे वंदनेचा अखेरचा टप्पा. तेथे दोघांनी शेजारी बसून जाप्य केले. तात्या, माई आणि मुले थोडी मागे बसली. खाली दाट जंगल, त्यापलीकडे धूसर मैदान. कोणी फारसे बोलले नाही.

उतारावर अण्णांनी डोली सोडली. ठरलेले पैसे पूर्ण दिले आणि म्होरक्याला हात जोडले. उताराला दम लागत नाही. उताराला गुडघे लागतात, आणि अक्कांचे गुडघे आता खरोखर बोलू लागले होते. पायरीवर आडवे पाऊल टाकत, अण्णांच्या खांद्याचा आधार घेत त्या उतरू लागल्या. चढाला एकाची उणीव होती, उताराला दुसऱ्याची. भाच्याची पत्नी मागून हे पाहत होती. नंतर ती माईंना म्हणाली, की आम्ही दोघे वर लवकर पोहोचलो खरे, पण यांच्याइतका डोंगर आम्ही पाहिला नाही.

मधुबनात पोहोचायला साडेचार वाजले. जानेवारीत तेथे सूर्य लवकर मावळतो. नियम त्याच दिवशी सोडायचा तर अर्ध्या-पाऊण तासाचाच अवधी होता. भाचा गूळ आणायला धावू लागला, त्याला अण्णांनी थांबवले आणि पायांत गोळे आलेले असताना ते स्वतः बाजारात गेले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी किरकोळ दुकानातून, भाव न विचारता, पावशेर गूळ घेतला. रंग काळपट होता, कणी बेताचीच. एरवी त्यांनी तो माल दुकानाच्या पायरीवर चढू दिला नसता.

धर्मशाळेच्या ओसरीवर णमोकार म्हणून अक्कांनी खडा तोंडात घातला. सारे त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. त्यांनी तो सावकाश विरघळू दिला. अण्णांनी सवयीने विचारले, “कसा आहे?”

“थोडा खारट आहे,” अक्का म्हणाल्या आणि दुसरा खडा घेतला.

मंडळी परतली तेव्हा दुकान जागेवर होते. मुलाने दहा दिवसांचे सौदे नीट पार पाडले होते. एका लॉटचा अंदाज चुकला होता, तो त्याने स्वतःच पहिल्यांदा सांगितला. अण्णांनी वही मिटली आणि पुढच्या वेळी कणी पाहताना आईला विचार, एवढेच सांगितले. ज्याच्या अनुपस्थितीत हंगाम बुडेल असे दोन पिढ्या मानीत आल्या, त्याच्या अनुपस्थितीत हंगाम व्यवस्थित चालला होता. आणि मुलाला गादीवर बसण्याचा आत्मविश्वास आला होता, तो निराळा लाभ.

व्यापारी घरांत अशा अनेक अक्का असतील. एखादीने साखर सोडली असेल, एखादीने तूप. कुणाचा नियम महाराजांसमोर घेतलेला असेल, कुणाचा मनातल्या मनात. घरातील कर्त्या माणसाने एवढेच करावे, की पानात काय वाढले जाते याबरोबर काय बाजूला सारले जाते, हेही कधी तरी पाहावे. पैसे देऊन संघाबरोबर पाठवणे सोपे असते. गुडघे आणि श्वास शाबूत असताना स्वतः बरोबर जाणे, आणि शाबूत नसतील तर एकमेकांसाठी थांबत जाणे, हे त्याहून कठीण. पण यात्रेचा अर्थ बहुधा त्या थांबण्यातच असतो.

तात्या आणि अण्णांनी आता एक ठराव केला आहे. दर हंगामात दहा दिवस दोघांनीही दुकाने मुलांवर सोपवायची. गिरनारच्या पायऱ्या आता झेपणार नाहीत, हे दोघांनी मान्य केले. त्यामुळे पुढच्या खेपेला पावापुरी ठरली. तेथे कमळांच्या तळ्यात जलमंदिर आहे आणि पुलावरून सरळ चालत जाता येते. जागा सपाट आहे. सगळ्यांना बरोबरीने चालता येईल.